येणं-जाणं, व्हिसासकट

दुबईतला मामा, टोरोंटोची आत्या, कुवेतमधला चुलतभाऊ. ‘परदेशात कोण कोण आहे?’ असं वर्गात एकदा विचारून बघा, वर आलेले हात मोजायला वेळ लागेल. तिकडचे पाठवतात, इकडचे घेतात, असा आपला साधारण समज. पण इकडचे काहीच देत नाहीत का? आणि मध्ये सीमारेषा असताना नात्यातली परतफेड होते तरी कशी?

‘आमचं त्यांच्याकडे येणं-जाणं आहे.’

कोकणात एखाद्या नात्याची तब्येत सांगायला एवढं एक वाक्य पुरतं. येणं-जाणं आहे म्हणजे सगळं ठीक. येणं-जाणं कमी झालंय म्हणजे काहीतरी बिनसलंय. आणि येणं-जाणं बंद आहे म्हटलं, की समोरचा माणूस पुढचं विचारतच नाही. या शब्दाला दोन टोकं आहेत, हे मात्र आपण विसरतो. नुसतं येणं चालत नाही, नुसतं जाणंही चालत नाही. तुम्ही त्यांच्या गणपतीला गेलात, तर त्यांनी तुमच्या घरच्या लग्नाला यायचं. शेजारच्या काकूंचा डबा परत करताना रिकामा द्यायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. लग्नात दाराशी वही घेऊन बसलेले काका आठवतात ना? कुणी किती अहेर केला ते त्यात लिहिलेलं असतं. पुढे त्यांच्याकडे कार्य निघालं, की आई आधी ती वही काढते. वरून सगळं प्रेमाचं, पण आत हिशोब पक्का.

चाकरमान्यांनी हा हिशोब मुंबईपर्यंत नेला. गणपतीला आणि शिमग्याला ते गावी येणार, येताना पोरांना कपडे, आजीला औषधं. जाताना त्यांच्या पिशवीत कोकमं, कुळथाचं पीठ, फणसपोळी, आणि सीझन असेल तर आंब्याची पेटी. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली आणि हे येणं-जाणं आणखी सोपं झालं. तिकीट कन्फर्म होतंय की नाही, एवढीच काय ती चिंता.

आता मामा मुंबईला नाही, दुबईला आहे असं धरा. तिकिटाच्या आधी व्हिसा आला. आणि व्हिसाचे नियम दोन्ही बाजूंना सारखे नसतात. तो येऊ शकतो, तुम्ही जाऊ शकत नाही. किंवा तुम्ही जाल, पण त्याला रजा नाही. दोन टोकांतलं एक टोक कुणीतरी कापून टाकतं, आणि ते कापणारं माणूस नात्यातलं नसतंच.

सगळ्यात सोपी सीमा

जगातली बहुतेक सगळ्यात सोपी सीमा घेऊ: कॅनडा आणि अमेरिका. लांबी सुमारे ८,९०० किलोमीटर, दोन देशांमधली जगातली सर्वांत लांब. एक बहीण व्हँकुव्हरला आणि दुसरी सिॲटलला, हे तिथे नवल नाही. गाडीने अडीच-तीन तास, म्हणजे आपल्याला रत्नागिरीहून कोल्हापूरला जायला लागतात जवळपास तेवढेच. कॅनडाच्या नागरिकाला अमेरिकेत नातेवाइकांकडे जायला सहसा व्हिसा लागत नाही, अमेरिकेच्या नागरिकाला कॅनडात जायलाही नाही. २००९ पर्यंत तर रस्त्याने जाताना पासपोर्टचीही सक्ती नव्हती. शिवाय थँक्सगिव्हिंगचा सण कॅनडात ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. म्हणजे या बहिणीने आधी बोलवायचं, त्या बहिणीने नंतर. पाळी कॅलेंडरनेच ठरवून दिलेली!

मग कोविड आला. मार्च २०२० मध्ये ही सीमा बिनमहत्त्वाच्या प्रवासासाठी बंद झाली. ‘बिनमहत्त्वाचा’ कोणता, हे अर्थात सरकारने ठरवलं. खरा गुंता झाला तो उघडताना. कॅनडाने ९ ऑगस्ट २०२१ पासून लस घेतलेल्या अमेरिकी नागरिकांना आत घेतलं. अमेरिकेने मात्र रस्त्याने येणाऱ्या कॅनडावाल्यांसाठी दार उघडलं ते ८ नोव्हेंबरला. मधले तीन महिने सिॲटलची बहीण गाडी काढून व्हँकुव्हरला जाऊ शकत होती आणि व्हँकुव्हरची बहीण गाडीने सिॲटलला येऊ शकत नव्हती. तिला यायचं तर विमानाने. त्याआधीच्या बंदीच्या काळात तर दोन्हीकडची माणसं सीमेवरच्या पीस आर्च पार्कमध्ये भेटत होती. आजी-आजोबांनी नातवंडं पाहिली, प्रेमात असलेल्यांनी भेटी घेतल्या, काही जोडप्यांनी लग्नंही तिथेच उरकली.

या गोष्टीतून आपल्या कामाचं एवढंच घ्यायचं. त्या तीन महिन्यांत व्हँकुव्हरच्या बहिणीला कुणी ‘तू येत नाहीस’ म्हणून टोमणा मारला असता, तर तो अन्याय झाला असता. तिची पाळी तिने चुकवली नव्हती, ती तिच्याकडून काढून घेतली होती. जगातल्या सर्वांत सोप्या सीमेवर हे होत असेल, तर आपल्यासारख्या अवघड सीमांवर रोज होतं.

थिबा पॅलेसमधल्या बहिणी

आणि हे शिकायला रत्नागिरीकरांना कॅनडापर्यंत जायची गरजच नाही. थिबा पॅलेसला आपण सगळे गेलोय, थिबा पॉइंटवर फोटोही काढलेत. पण त्या लाल वाड्याकडे कधी ‘दोन देशांत विभागलेलं घर’ म्हणून पाहिलंय?

१८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचं मंडाले जिंकलं आणि राजा थिबाला पदच्युत केलं. आधी मद्रास आणि मग १८८६ मध्ये रत्नागिरी. राजा, राणी सुपयालत, धाकटी राणी आणि मुली असं कुटुंब इथे नजरकैदेत राहिलं. वाडा बांधून झाला १९१० मध्ये, राजा गेला १९१६ च्या डिसेंबरात. घरच्यांना त्याचा देह मायदेशी न्यायचा होता, ते इंग्रजांनी होऊ दिलं नाही. म्हणून थिबाची समाधी आजही रत्नागिरीत आहे. १९१९ मध्ये बाकीच्या कुटुंबाला रंगूनला परतायची परवानगी मिळाली.

त्यानंतर चार राजकन्यांच्या वाटा फुटल्या. दुसरीने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि ती कालिंपाँगला स्थायिक झाली. तिसरी आणि चौथी ब्रह्मदेशात राहिल्या. थोरली मात्र रंगूनला जाऊन पुन्हा रत्नागिरीत आली. वाड्यावर कामाला असलेल्या गोपाळ सावंत यांच्यावर तिचं प्रेम होतं, त्यांच्यापासून तिला टुटू नावाची मुलगी होती. थोरली राजकन्या १९४७ मध्ये रत्नागिरीतच वारली. टुटूने इथल्याच शंकर पवार यांच्याशी लग्न केलं. राजाची ही नात साध्या वस्तीत, गरिबीत, मराठी बोलत म्हातारी झाली आणि २००० मध्ये गेली.

रक्ताचं नातं यापेक्षा जवळचं काय असणार? सख्ख्या बहिणींची घरं. पण येणं-जाणं जवळपास नाही. आधी इंग्रज सरकारची परवानगी, मग दोन स्वतंत्र देश, मग ब्रह्मदेशातली लष्करी राजवट, आणि या सगळ्याच्या जोडीला पैसा. टुटूची मुलं मराठीत वाढली, मावशांची मुलं बर्मीत. पिढी-दीड पिढीत बोलायला सामाईक भाषाच उरली नाही.

याच काळात सरकारं मात्र एकमेकांची परतफेड नीट करत होती. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर याला इंग्रजांनी रंगूनला पाठवलं होतं, तो १८६२ मध्ये तिथेच वारला. म्हणजे आपला बादशहा त्यांच्याकडे आणि त्यांचा राजा आपल्याकडे. मे २०१२ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग जफरच्या मजारीवर गेले, डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत थिबाच्या समाधीवर आले. फिटंफाट! कुटुंबाची पाळी यायला मात्र आणखी चार वर्षं जावी लागली. डिसेंबर २०१६ मध्ये, राजाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, म्यानमारहून त्याचे वंशज रत्नागिरीत आले आणि समाधीपाशी प्रार्थना झाली.

देशांची परतफेड शिष्टाचाराने होते. त्याला प्रोटोकॉल असतो, विमान असतं, हारतुरे असतात. कुटुंबाकडे यातलं काहीच नसतं. त्यांना ती मुद्दाम करावी लागते, नाहीतर शंभर वर्षं सहज निघून जातात.

कायद्याचं कुटुंब

राजवाड्यातून आपल्या घरात येऊ. चिपळूण, खेड, दापोली, मंडणगड, रत्नागिरी या पट्ट्यातली कितीतरी घरं आखाताच्या पगारावर उभी राहिली. बाप तिकडे, बाकी घर इकडे, ही रचना त्यांच्या ओळखीची. बाहेरचे सहज म्हणतात, ‘बायकामुलांना का नेत नाही?’ याचं उत्तर बऱ्याचदा नियमांत असतं.

संयुक्त अरब अमिरातीत बायकामुलांना स्पॉन्सर करायचं तर महिना किमान ४,००० दिऱ्हाम पगार हवा, किंवा ३,००० आणि राहायला जागा. कुवेतने जानेवारी २०२४ मध्ये फॅमिली व्हिसा पुन्हा सुरू केला तेव्हा ८०० दिनार पगाराची अट घातली, म्हणजे दोन लाख रुपयांहून जास्त. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून सोबत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबीयामागे महिना १०० रियाल शुल्क लावलं आणि ते दर वर्षी वाढवत २०२० मध्ये ४०० वर नेलं. बायको आणि दोन मुलं धरा: वर्षाला १४,४०० रियाल, नुसतं एकत्र राहण्याचे! अनेकांनी घरच्यांना परत पाठवलं, ते काही प्रेम आटलं म्हणून नव्हे.

दुसरी गंमत ‘कुटुंब’ या शब्दाची. आपल्या कुटुंबात आत्या, मामा, चुलतभाऊ, मावसबहीण सगळे येतात. व्हिसाच्या फॉर्मला हे मंजूर नसतं. कॅनडाचा सुपर व्हिसा आई-वडील आणि आजी-आजोबांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू देतो. त्यासाठी तिकडच्या मुलाचं किंवा नातवंडाचं ठरावीक उत्पन्न आणि पाहुण्याचा आरोग्य विमा लागतो. तुम्हाला लहानाचं मोठं केलेल्या मावशीला मात्र यात जागा नाही, तिला साध्या व्हिजिटर व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागेल. अमेरिकेत नागरिकाला आपल्या सख्ख्या भावाबहिणीला कायमचं बोलावता येतं, पण भारतीयांसाठी ती रांग पंधरा वर्षांहून लांब आहे. आज अर्ज केला तर तुमचा बारीक मिशीचा मामा पांढऱ्या मिशा घेऊन तिथे उतरेल.

उलट बाजू बघा. कॅनडाचा पासपोर्ट घेतलेली तुमची आत्या ओसीआय कार्डावर भारतात हवी तेव्हा येते. तिचं येणं सोपं, तुमचं जाणं कठीण. ती चार वेळा आली आणि तुम्ही एकदाही गेला नाहीत, तर वहीत लिहिणार काय?

पेटीलाही परवानगी लागते

बरं, माणसाला जाता येत नसेल तर वस्तू पाठवू. रत्नागिरीकडे द्यायला जगात भारी अशी एक गोष्ट आहेच. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण देणाऱ्याच्या हातून ती पेटी घेणाऱ्यापर्यंत पोचेल याची खात्री नाही.

अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं २००७ मध्ये, तेही विकिरण प्रक्रियेच्या अटीवर. फळातल्या किडी सीमेपलीकडे जाऊ नयेत म्हणून आंब्यावर ठरावीक मात्रेचा किरणोत्सर्ग सोडतात. हे काम आधी नाशिकजवळच्या लासलगावच्या केंद्रात सुरू झालं. जपानने आधी उष्ण वाफेच्या प्रक्रियेची अट घातली होती. युरोपीय संघाने तर मे २०१४ मध्ये भारतीय आंब्यावर बंदीच घातली, ती पुढच्या वर्षी उठली. कारण सगळीकडे एकच, कीड. व्यापाऱ्याचा आंबा या सगळ्यातून जातो. आजोबांनी स्वतः पिकत घातलेल्या, गवतात लावलेल्या दोन डझनांना मात्र न्यू जर्सीच्या विमानतळावर कस्टमवाला बाजूला काढतो.

आखाताचं यापेक्षा बरं, तिथे आंबा तसा सहज पोचतो. पण एकूण चित्र असं: तिकडून इकडे येणाऱ्या वस्तू, म्हणजे पैसे, फोन, परफ्यूम, चॉकलेट, सीमा झपाझप ओलांडतात. बँकेच्या ॲपवर मिनिटभराचं काम. इकडून तिकडे जाऊ शकणाऱ्या वस्तू मात्र नाशवंत, जड किंवा मनाई असलेल्या. म्हणून वहीत एकच बाजू भरलेली दिसते. घेणारे आपण, देणारे ते.

वहीचं दुसरं पान

पण ही वही अर्धीच आहे. दुसरं पान भरायला कुणी बसलंच नाही.

आजीला सिव्हिलला कोण नेतं? तिथे केसपेपरच्या रांगेत कोण उभं राहतं? परदेशातल्या काकांच्या बंद घराची घरपट्टी आणि लाइट बिल कोण भरतं? पावसाआधी कौलं कोण शाकारून घेतं? सातबाऱ्यावर नाव लागलं का, हे बघायला तलाठ्याकडे चार खेपा कोण घालतं? पेन्शनीतल्या आजोबांच्या हयातीच्या दाखल्यासाठी दर नोव्हेंबरला मोबाइलवर त्यांचा चेहरा स्कॅन कोण करतं? घरचा गणपती चुकू नये म्हणून परीक्षेच्या आठवड्यातही घरी कोण थांबतं?

कॉलेजला जाणारा मुलगा. आणि बऱ्याचदा मुलगी, किंवा घरात नव्याने आलेली सून. या कामाला पावती नसते. पैसे पाठवले की स्क्रीनशॉट येतो, रात्रभर वॉर्डात बाकावर बसलात त्याचा स्क्रीनशॉट येत नाही.

मानववंशशास्त्रात यावर छान विचार झालाय. मार्शल सालिन्स या अमेरिकी अभ्यासकाने १९७२ च्या आपल्या पुस्तकात देवाणघेवाणीचे प्रकार सांगितले. अगदी जवळच्या माणसांत हिशोब ठेवत नाहीत. आई जेवायला वाढते तेव्हा मोजत नाही, कधीतरी कुठल्यातरी रूपात ते परत येईल एवढंच गृहीत असतं. नातं जसं लांबचं होतं, तसा हिशोब सुरू होतो: एवढं दिलं, एवढंच आणि वेळेत परत हवं. सीमारेषा नेमकी इथे घोळ घालते. जवळचं माणूस किलोमीटरने लांब जातं आणि कुणाच्या नकळत हिशोबही लांबच्या नात्याचा सुरू होतो. सख्खा भाऊ पैशांचे आकडे मोजू लागतो, सख्खी बहीण खेपा मोजू लागते. दोघांची मोजपट्टी वेगळी, त्यामुळे दोघांनाही वाटतं की आपणच जास्त देतोय. आणि गंमत म्हणजे दोघंही खोटं बोलत नसतात.

कायद्याकडे गेलं तरी हे सुटत नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा भारताबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. त्याखाली म्हाताऱ्या आई-बापांना मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो. पण कायदा मागू शकतो ते पैसेच. आजीच्या उशाशी बसण्याचा आदेश कुठलंही न्यायाधिकरण दुबईतल्या मुलाला देऊ शकत नाही. तो बसायला इकडचंच कुणीतरी लागतं.

बोलायचं नाही म्हणून हे सगळं आत साठत जातं आणि बाहेर येतं नको तेव्हा. जमिनीच्या वाटपाच्या दिवशी. आजीच्या बाराव्याला. ‘मी इतकी वर्षं पैसे पाठवले’ विरुद्ध ‘मी इतकी वर्षं केलं’. त्या दिवशी कुणी कुणाचं ऐकत नाही. येणं-जाणं बंद पडतं ते बहुतेकदा तिथे. व्हिसाने जे तोडलं नव्हतं ते दोन वाक्यांत तुटतं.

मग करायचं काय?

मोठ्यांनी वर्षानुवर्षं जे टाळलंय ते तुम्ही सुरू करू शकता, कारण फॅमिली ग्रुपचे ॲडमिन निम्म्या घरांत तुम्हीच असता.

पहिलं, फोनची पाळी. टोरोंटो आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे आहे, हिवाळ्यात साडेदहा. कॉल कुणाच्या सोयीने होतो, हे नीट बघा. आत्या ऑफिसातून सुटून संध्याकाळी सातला फोन करते तेव्हा इथे उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात आणि आजी तोंड न धुता बोलते. एका आठवड्यात तिने रविवारी सकाळी लवकर उठावं, दुसऱ्या आठवड्यात आपण. झोपमोडही वाटून घ्यायची गोष्ट आहे.

दुसरं, कामाचंही लिहायला लागा. तक्रारीच्या सुरात नको, सरळ माहिती म्हणून. ‘आज आजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, अख्खा दिवस गेला, रिक्षाला एवढे लागले, ड्रॉप एवढ्याचे.’ तिकडच्या माणसाला यातलं खरंच काही माहीत नसतं. त्याच्या डोळ्यासमोर तो गेला त्या वर्षीची, तुरुतुरु चालणारी आजी असते. तसंच त्यालाही विचारा. तिकडे एका खोलीत किती जण राहतात, सुट्टी किती, ओव्हरटाइम मिळतो का? सेल्फीतल्या बुर्ज खलिफावरून त्याचा पगार ठरवू नका.

तिसरं, भाषा. तिकडच्या भावंडांना मराठी येत नसेल, तर हसू नका, शिकवा. आठवड्याला पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवा, आपल्या संगमेश्वरी बोलीतला असला तर आणखी मजा. आजीची एखादी गोष्ट तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. विमानतळावर अडवता येत नाही अशी ही भेट आहे, आणि ती इकडूनच जाऊ शकते. थिबाच्या नातवंडांना जे जमलं नाही, ते तुम्हाला फोनवर जमू शकतं.

चौथं आणि सगळ्यात अवघड. कुणी येत नाही तेव्हा रागवायच्या आधी एक प्रश्न विचारा: व्हिसा मिळत नाही, रजा मिळत नाही, की यायचं नाही? तिन्ही कारणांनी खुर्ची रिकामीच राहते, पण तिन्हींचा अर्थ वेगळा. पहिल्यात त्याचा दोष नाही. दुसऱ्यात थोडी मदत करता येईल, कार्याची तारीख सरकवता येईल. तिसऱ्याबद्दल मात्र बोलायलाच हवं, आणि तेव्हा व्हिसाच्या आड लपू द्यायचं नाही. इकडच्यांनाही हेच लागू. ‘आम्हाला कोण नेणार तिकडे’ म्हणून वाढदिवसाचा फोनही न करणारे आपल्यातही आहेतच की.

आणि एक सांगायचं राहिलं. हे वाचणाऱ्यांपैकी काही जण येत्या दोन-चार वर्षांत स्वतःच सीमेपलीकडे असतील. कुणी नर्सिंग करून, कुणी जहाजावर, कुणी मास्टर्सला. तेव्हा तुमच्या वाटची सिव्हिलची रांग दुसरं कुणीतरी लावेल. धाकटी बहीण असेल, नाहीतर चुलतभाऊ. बॅग भरायच्या आधी एक संध्याकाळ त्या माणसासोबत बसा. ‘मी गेल्यावर तुझ्यावर काय काय पडणार आहे?’ असं विचारा, आणि ती सांगेल ते लिहून घ्या. एका पानावर तुम्ही पाठवणार असलेलं, समोरच्या पानावर तिने करायचं असलेलं. मग वही दोघांकडे एकेक ठेवा.